तांब्याची मोटार

गुरुजी रामाच्या देवळात जाताना एक वहाण पूर्वेच्या दाराशी काढायचे आणि दुसरी उत्तरेच्या दाराशी. चोर आलाच तर त्याच्या हाती जोड लागू नये म्हणून. "एका पायाची वहाण पळवील असा खुळा चोर नाशकात अजून जन्माला यायचाय," असं म्हणायचे. दर्शन झालं की एक पाय वहाणेत आणि दुसरा तापलेल्या फरशीवर, अशी नाचत नाचत स्वारी दुसऱ्या दाराकडे निघायची. लोक तोंडाला उपरणं लावून हसायचे. मीही हसायचो, खोटं कशाला सांगू! पण नऊ वर्षं मी त्यांच्या पदरी होतो आणि त्या नऊ वर्षांत त्यांची वहाण एकदाही चोरीला गेली नाही, हेही तितकंच खरं.

संशय हा त्यांचा धर्मच होता म्हणा ना. गवळ्यावर संशय, पोस्टमनवर संशय, आगगाडीच्या वेळापत्रकावर संशय. गाडी उशिरा आली तर म्हणायचे, "मुद्दाम!" वेळेवर आली तर म्हणायचे, "आज बरी वेळेवर आली? काय कारण?" पत्रं घरी यायची वाट न बघता रोज सकाळी स्वतः पोस्टात जाऊन उभे राहायचे, कारण पोस्टमनच्या पिशवीतली त्यांची पत्रं वाटेत कुणीतरी काढून वाचतं अशी त्यांची खात्री होती. कुणीतरी म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. नाशकात पाऊस कमी पडला तरी त्यात चुलतभावाचा हात असायचा.

गंमत अशी, की चुलतभावाच्या बाबतीत ते अगदीच चुकत नव्हते. नीट सांगतो. गुरुजी तीर्थोपाध्ये. बाहेरगावचा माणूस गंगेवर आला (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), की उपाध्ये त्याचं गाव आणि आडनाव विचारतात आणि लाल कापडात बांधलेली लांबट वही काढतात. तिच्यात त्या माणसाच्या बापाची सही निघते, आजाची निघते, पणजाची मोडीतली निघते. मग हा खाली आपली सही करतो. ज्याच्या वहीत सही, तो त्या घराण्याचा उपाध्या, आणि पुढच्या सगळ्या पिढ्या त्याच्याच दारी. गुरुजींचे वडील आणि काका वेगळे निघाले तेव्हा वह्याही वाटल्या गेल्या. पण काकांनी म्हणे गुरुजींच्या वाट्याच्या वह्यांच्या नकला आधीच उतरवून ठेवल्या होत्या. झालं! नाशिक रोड स्टेशनावर यजमान उतरला, की जो आधी गाठेल त्याचा. चुलतभाऊ भाड्याची मोटार करून जायचा आणि गुरुजी टांग्यातून पोचेपर्यंत यजमानाची निम्मी पूजा आटपलेली असायची.

म्हणून गुरुजींना मोटार हवी होती. हौस म्हणून नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं हातची जात होती.

मी जातीचा तांबट. हंडे-घागरी ठोकणं वाडवडिलांपासूनचं, पण पोरवयात मला मोटारींचं वेड लागलं आणि मी देवळालीच्या लष्करी कॅम्पात फिटर म्हणून चिकटलो. पुढे तिथं माणसं कमी केली, त्यात मी गेलो. परत तांबट आळीत येऊन बघतो तर जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, भांड्यांनी आमचं कंबरडं मोडलेलं. हलकी, स्वस्त, कल्हई नको. तांब्याचा हंडा घ्यायला कुत्रं येईना. त्यात माझं नुकतंच लग्न झालेलं. कुणीतरी म्हणालं, पंचवटीतल्या एका भटजीला मोटारीचं आणि तांब्याचं दोन्ही काम येणारा माणूस हवाय. असलं विचित्र गिऱ्हाईक कोण म्हणून गेलो.

ओसरीवर गुरुजी बसलेले. उंच, काटकुळे, आणि भुवया अशा दाट की डोळे आत दडून बसल्यासारखे वाटायचे.

"आजाचं नाव?"

सांगितलं.

"पणजाचं?"

तेही सांगितलं.

"खापरपणजाचं?"

"ठाऊक नाही गुरुजी."

"इंजिनात किती स्क्रू असतात ते ठाऊक आहे आणि खापरपणजा ठाऊक नाही? तू कोण आहेस हे मग मी कसं ओळखू?"

तीन दिवस त्यांनी आमच्या आळीत माझी चौकशी केली. माझ्या सासुरवाडीलाही पत्र गेलं, हे मला मागाहून कळलं. चौथ्या दिवशी निरोप आला, ये म्हणून.

घरामागच्या गोठ्यात, म्हशीच्या जागी, एक मोटारीचा सांगाडा उभा होता. कॅम्पातल्या लिलावात घेतलेला. चार चाकं, एक इंजिन आणि चासी. चासी म्हणजे मोटारीचा पाठकणाच, सगळा भार तिच्यावर. वरची गाडी गुरुजींना स्वतः बांधून घ्यायची होती, आणि तीही तांब्याची! पत्रा विटाळतो, तांबं विटाळत नाही. विलायती गाडीत बैठका चामड्याच्या, त्यावर सोवळ्यातला माणूस कसा बसणार? म्हणून कापसाच्या गाद्या आणि वर लोकरीची धाबळी. खिडक्यांना पडदे. रेडिएटरच्या तोंडावर झाकणाऐवजी छोटा कळस. आठ माणसं ऐसपैस बसतील अशी लांबी. मी म्हणालो, "गुरुजी, वहाण चामड्याचीच की तुमची." तर म्हणाले, "पायाखालचं पायाखालीच शोभतं. उगाच शहाणपणा करू नकोस."

या गाडीसाठी त्यांनी एक वेगळी वही घातली होती. यजमानांची असते तशीच, लाल कापडाची. तिच्यात एकेका भागाचं कूळ लिहायचे. "रेडिएटर. मूळ स्थान कॅम्पातील साहेबाची मोटार. नंतर वास्तव्य भद्रकालीतील भंगारवाला. हस्ते मिस्त्री." भंगारवाल्यालाही सही करायला लावायचे. तो बिचारा अंगठा उठवायचा आणि मला डोळा मारायचा.

"तयार वस्तू कधी घेऊ नये," हे त्यांचं आवडतं वाक्य. "तयार आलं, की समजावं, कुणाला तरी नकोसं झालं. का झालं ते तो सांगत नाही. आपण बांधलं, की त्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं."

तांबं जड असतं हे मला ठाऊक होतं. एकदा दबकत म्हणालोही, "गुरुजी, वजन फार होईल. खाली लाकूड घालू, वरून नुसता तांब्याचा मुलामा देऊ." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मला चुलतभावानंच पाठवलंय. मी गप्प बसलो. आणखी दोनदा सांगायला हवं होतं. पण जितकं तांबं तितकं ठोकायचं काम, आणि मला काम हवं होतं. शिवाय त्यांनी शब्द दिला होता: "गाडी झाली की चालवणारा तूच. दुसऱ्याच्या हाती मी माझा जीव देणार नाही."

एकदा त्या ठोकाठोकीपायी पोलीस आले होते. ते दिवसच तसे होते. मिठाच्या सत्याग्रहाची धग अजून निवली नव्हती, आणि गोठ्यातून दिवसभर धातू ठोकल्याचा आवाज येतो म्हटल्यावर कुणीतरी चुगली केली, भटजी बाँब बनवतोय. हवालदार दारात येऊन गुरकावला, "आत काय चाललंय?" मी हातोडा पाठीमागे लपवला. गुरुजी उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "तुझं आडनाव? गाव?" हवालदार बावचळला, पण सांगून बसला. गुरुजी आत गेले, एक वही घेऊन आले, पानं उलटली आणि त्याच्यापुढे धरली. "हा तुझा पणजा. बैलगाडीनं आला होता. आणि हा तुझा आजा, तेव्हा दोन वर्षांचा. देवी येऊन उठला म्हणून नवस फेडायला आणला होता." हवालदारानं टोपी काढली. बराच वेळ पणजानं उठवलेल्या अंगठ्याच्या ठशाकडे बघत राहिला. मग डोळे पुसले, वहीला डोकं टेकवलं, आपली सही केली आणि गेला. गोठ्यात डोकावलासुद्धा नाही. तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर गुरुजी मला म्हणतात, "सही खरी वाटते का रे? मला जरा घाईत केल्यासारखी वाटली."

असा माणूस! हसावं की पाया पडावं कळायचं नाही.

सिंहस्थ जवळ आला तशी गुरुजींची झोप उडाली. वऱ्हाडातल्या एका देशमुखांचं पत्र आलं: सिंहस्थात सगळं घर घेऊन येतो. हे घराणं सात पिढ्यांचं. थोरले देशमुख आता ऐंशीच्या घरात, नातवंडं-पतवंडं मिळून तीसएक माणसं. थोरल्यांची सही आता ज्याच्या वहीत पडेल, त्याच्याकडे हे घराणं कायमचं. आणि आमची गाडी? बाजू ठोकून झाल्या होत्या, बाकी सगळं बाकी. इंजिन अजून एकदाही सलग तासभर चाललं नव्हतं.

अशात देवळालीहून खबर आली, की हवापालटाला येऊन राहिलेले एक पारशी शेठ मुंबईला कायमचे परत चाललेत आणि आपली बंद गाडी विकतायत. असल्या गाडीला तेव्हा सलून म्हणायचे. सहा सिलिंडरची, काळी, लांब नाकाची. मुंबई-आग्रा रस्त्यावर ती गेली की टांगेवाले घोडी आवरून धरायचे, एवढा तिचा वेग.

आठ दिवस गुरुजी गोठ्यात येरझारा घालत होते. मध्येच आमच्या तांब्याच्या बाजूवरून हात फिरवायचे. "ही माझी," म्हणायचे. मग लगेच, "पण ही स्टेशनवर कधी पोचायची?" मग, "ती आजच पोचेल. पण ती कुणाची कोण?" एखाद्या बापानं पोरीसाठी दोन स्थळांत अडकावं, तशी गत.

शेवटी आम्ही गेलो. गुरुजींनी काखेत एक लाकडी पाट घेतला होता. कशाला, ते मला बंगल्यावर कळलं.

शेठ अंगणात आरामखुर्चीत बसले होते. गोरेपान, थकलेले, मोकळ्या मनाचे. गुरुजींनी नमस्कारही धड केला नाही.

"शेठ, आपल्या आजोबांचं नाव?"

"अरे महाराज, मला मोटार विकायचीय, आजोबा नाही!"

"गाडी का विकता?"

"मुंबईला भावाच्या दोन आहेत. तिसरी डोक्यावर ठेवू?"

"मग भाऊ का घेत नाही?"

शेठ खो खो हसले. "बस, बस, चक्कर मारून ये. आवडली तर घे, नाय तर नको घेऊ. पण एक बात हाय. माझा ड्रायव्हर गाडीबरोबर घ्यायचा. बारा वर्षं माझ्याकडे हाय. त्याला असा रस्त्यावर सोडून मी नाय जाणार."

ते ऐकलं आणि मी वळून पाहिलं. ड्रायव्हर शेजारीच उभा होता. मालेगावकडचा, पन्नाशीचा मुसलमान, पांढरी दाढी नीट कातरलेली. तो माझ्याकडे बघून हसला. मला हसता आलं नाही.

गुरुजींनी चामड्याच्या बैठकीवर पाट ठेवला आणि पाटावर मांडी घालून बसले. छत ठेंगणं, त्यामुळे मान वाकलेली. मी पुढे. देवळालीहून नाशिक रोड आणि तिथून नाशिकच्या वेशीपर्यंत, मग परत. काय चालली हो ती गाडी! इंजिनाचा आवाज कानावर येतच नव्हता. चढ आला तरी ड्रायव्हरचा हात गियरकडे जात नव्हता. मी मागं वळून पाहिलं तर गुरुजी खिडकीची कड धरून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. चार वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आता आपलं काही खरं नाही, हे मला तेव्हाच कळलं.

उतरल्यावर गाडीभोवती एक फेरी मारली. मग मला बाजूला घेतलं.

"मिस्त्री, गाडी चांगली आहे."

"हो."

"पण ड्रायव्हर बरोबर घ्या असा हट्ट का? मला त्यात काहीतरी दिसतंय. तू खालून बघून ये. तू सांगशील तसं. तू चांगली म्हणालास तर आत्ता घेतो."

मी गाडीखाली शिरलो. खालची बाजूसुद्धा पुसलेली होती. ग्रीस जिथल्या तिथं, एक नट सैल नाही, चासी अशी सरळ आणि निकोप, की हात फिरवावासा वाटावा. मी तिथं उताणा पडून राहिलो. घरी बायकोला सहावा महिना होता. आळीत काम नव्हतं, कॅम्पात नव्हतं. गाडीला ड्रायव्हर होता, मग मला कोण ठेवतं? चार वर्षं ठोकलेलं तांबं मोडीत जाणार. शेठ मुंबईला, ड्रायव्हर नोकरीत, गुरुजी गाडीत, आणि मी तेवढा रस्त्यावर! सगळ्यांचा राग आला मला. त्या निकोप चासीचासुद्धा.

बाहेर आलो आणि म्हणालो, "गुरुजी, चासीला तडा आहे. सांधून वर रंग मारलाय."

"मला वाटलंच!" गुरुजी म्हणाले. त्यांनी पाट काखेत मारला आणि शेठकडे न बघता चालायला लागले. शेठ मागून ओरडत होते, "अरे महाराज, झालं काय?" ड्रायव्हर काहीच बोलला नाही. ती खालची बाजू रोज तोच पुसायचा. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. तिनं लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "आता ती गाडी तरी जीव ओतून बांधा." मी बांधली. देवाशपथ सांगतो, पुढचे चार महिने मी दुसरं काही केलं नाही. तांब्याला अशी झिलई दिली की गुरुजी तिच्यात बघून गंध लावायचे. सिंहस्थाच्या आधी गाडी उभी राहिली. आणि त्याच सुमाराला ती काळी सलून, तिच्या ड्रायव्हरसकट, चुलतभावानं घेतली.

देशमुख यायच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. रस्त्यावर यात्रा लोटलेली. सूर्य वर आला तशी गाडी अशी झळकायला लागली, की बाया डोक्यावरची बोचकी सांभाळत तिला हात जोडायच्या. कुणीतरी फूल टाकलं. गुरुजी आत ताठ बसलेले, मांडीवर वही, पायाशी देशमुखांचे पाय धुवायला गंगेचं पाणी भरलेला मोठा तांब्याचा हंडा. नासर्डी नदी ओलांडून चढाला लागलो आणि कळसाच्या बाजूनं वाफ यायला लागली. मी पहिला गियर टाकला. गाडी कण्हली, थरथरली आणि उभी राहिली. रेडिएटर खदखदा उकळत होता.

"काय झालं?"

"पाणी संपलं गुरुजी. वजन झेपत नाही."

त्यांनी क्षणभरसुद्धा विचार केला नाही. यजमानांसाठी आणलेला हंडा उचलला आणि सगळं गंगाजळ मी दाखवलं तिथं ओतलं. गार पाणी तापल्या धातूवर पडलं आणि कुठंतरी फटकन आवाज झाला. मग कितीही हँडल मारलं तरी इंजिन बोलेना.

एवढ्यात शेजारून काळी सलून स्टेशनाकडे गेली. आवाज न करता. पाऊण तासानं परत आली. मागच्या बैठकीवर पांढऱ्या पागोट्यातले थोरले देशमुख बसले होते. त्यांनी आमच्या गाडीकडे कौतुकानं पाहिलं आणि गुरुजींना ओळख नसल्यासारखा नमस्कार केला. पन्नास वर्षांपूर्वी आलेला माणूस, त्याला कसे ओळखू येणार गुरुजी? ड्रायव्हरनं वेग कमी केला, पण चुलतभावानं त्याच्या खांद्यावर हात मारला, तशी गाडी पुढे गेली. गुरुजी वही छातीशी धरून रस्त्यात उभे होते. "देशमुख!" अशी एकच हाक त्यांनी मारली. यात्रेच्या गलक्यात ती कुणाला ऐकू जाणार?

त्या दिवसापासून गुरुजींनी सगळ्यांवर संशय घेतला. पेट्रोलवाल्यानं रॉकेल मिसळलं. भद्रकालीच्या भंगारवाल्यानं रेडिएटर फुटका दिला. स्टेशनमास्तरनं गाडी आधी आणली. टांगेवाले, पोस्टमन, कॅम्पातला साहेब, कुणी सुटलं नाही. मी तेवढा सुटलो. मी रोज वाट बघायचो, आज म्हणतील, उद्या म्हणतील. म्हणाले ते एवढंच: "तू होतास म्हणून ती तडा गेलेली गाडी माझ्या गळ्यात पडली नाही."

तांब्याची मोटार मी दुरुस्त केली, इंजिन बदललं, आणि गावातल्या गावात ती चालायची. माझी नोकरी टिकली. मुलगी झाली, पाठोपाठ मुलगा. ज्या घासासाठी खोटं बोललो तो घास मिळत होता आणि रोज घशात अडकत होता. कुणाला सांगणार?

सगळ्यात वाईट दिवस वेगळाच होता. चुलतभाऊ बायकामुलांना घेऊन सलूननं मुंबईला निघणार, असं कानावर आलं. गुरुजी उठले. ज्या दारात वीस वर्षं पाऊल टाकलं नव्हतं तिथं जाऊन रस्त्यावरून ओरडले, "पोराबाळांना घेऊन त्या गाडीनं कसाऱ्याचा घाट उतरू नकोस. तिच्या चासीला तडा आहे. माझ्या मिस्त्रीनं डोळ्यांनी बघितलाय." चुलतभाऊ गच्चीवरून हसला, "जळू नका, दादा!" गुरुजी परत फिरले. वाटेत मला म्हणाले, "भाऊबंदकी आपल्या जागी. पोरांनी काय केलंय?" मी त्यांच्यावर छत्री धरून चालत होतो. मान वर करवत नव्हती.

गाडी मुंबईला गेली आणि सुखरूप परत आली. तशी ती पाच वर्षं धावली. गंगेच्या काठावर उभे राहून गुरुजी तिच्याकडे टक लावून बघायचे. "अजून मोडत नाही," म्हणायचे, "काहीतरी करणी केलीय त्यानं." आणि भेटेल त्याला सांगायचे, त्या गाडीत बसू नका, तडा आहे.

मग एक दिवस तो म्हातारा ड्रायव्हर मला मेन रोडवर भेटला.

"मिस्त्री, मालक नवी गाडी घेताहेत. जुनी काढायची हाय. तुझ्या गुरुजींना सांग. अजून धा वर्षं पळंल, लय चांगली गाडी हाय."

मी त्याला विचारूनच टाकलं. "त्या दिवशी तुम्ही गप्प का बसलात? तुम्हाला ठाऊक होतं."

"तू पोटासाठी बोललास," तो म्हणाला. "आणि मी म्हटलं, असल्या संशयी माणसाकडं नोकरी करण्यापेक्षा घरी बसलेलं बरं!" तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "पण तू त्यांना सांग रे. म्हातारा रोज उन्हात उभा राहून वाट बघतो गाडी मोडायची. बघवत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी घाटावर गेलो. गुरुजी स्नान करून धोतर पिळत होते. मी पायरीवर उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. की चासीला तडा नव्हता. मी खोटं बोललो. ड्रायव्हर येणार होता, माझी नोकरी जाणार होती, घरी बायको पोटुशी होती. देशमुख गेले ते माझ्यामुळे. आता ती गाडी विकायला निघालीय, तुम्ही ती खुशाल विकत घ्या, आणि मला काय शिक्षा द्यायची ती द्या.

गुरुजींचे हात थांबले. 

"कधीपासून भेटतोयस त्याला?"

"कुणाला?"

"चुलतभावाला. गाडी विकायचीय ना त्याला? मी गावभर सांगून ठेवलंय तडा आहे म्हणून, त्यामुळे गिऱ्हाईक मिळत नाही. आता तो तडा पुसायला तुला पाठवलं!"

"गुरुजी, गंगेत उभा राहून शपथ घेतो..."

"घेऊ नकोस!" ते एकदम ओरडले. "खोटी शपथ घेऊ नकोस. लेकुरवाळा आहेस."

मला रडूच कोसळलं. बाप्या माणूस मी, घाटावर सगळ्यांसमोर रडलो. गुरुजी दोन पायऱ्या वर आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला. आवाज एकदम मऊ झाला होता.

"घरी काही अडचण आहे का? धाक घातला का त्यानं? मला सांगायचं होतंस. अरे वेड्या, सगळ्या नाशकात मी एका माणसावर विश्वास टाकला तो तुझ्यावर. का? तुला खोटं बोलता येत नाही म्हणून. आत्ताचंच बघ. मान खाली, आवाज कापतोय, घाम फुटलाय. आणि त्या दिवशी गाडीखालून निघालास तेव्हा माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बोलला होतास. खरं बोलणारा माणूस मला कळतो."

मग त्यांनी धोतराचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"धर. पीळ नीट."

मी पिळायला लागलो.